गवताची भरपाई

जून २०१९. आई कुडाळहून पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती आणि तिला सेंट्रल पार्कात नाटक दाखवायचं मी आधीपासूनच ठरवलं होतं. सकाळी साडेसहाला मी एकटी जाऊन रांगेत उभी राहिले. तिकिटं दुपारी बाराला वाटतात, माणशी दोन. संध्याकाळी आईला घेऊन आत शिरले. अर्धगोल थिएटर, वर मोकळं आकाश, रंगमंचाच्या मागे तळं आणि तळ्यापलीकडे खडकावर बेल्व्हेडेरची दगडी गढी. नाटक होतं शेक्सपिअरचं ‘मच अडू अबाउट नथिंग’. सगळे नट कृष्णवर्णीय, गोष्ट उचलून आजच्या अटलांटात आणलेली. आईला इंग्रजी येत नाही. रांगेत उभ्या उभ्या मी तिला फोनवर सगळी गोष्ट सांगून ठेवली होती, तेवढ्यावर ती बसली. लपून बसलेली बिआट्रिस स्वतःबद्दलचं बोलणं ऐकते तेव्हा ती मोठ्याने हसली, आणि ऐन लग्नात नवऱ्यामुलीवर आळ येतो तेव्हा पदर तोंडाशी धरून बसली. बाहेर पडताना तिने विचारलं, “तिकीट नाय? मगे पैसे कोण देता?”

मी सरकार, देणगीदार असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न नेमका होता. उघड्यावरचं, फुकट नाटक ही किती छान कल्पना आहे यावर सगळ्यांचंच एकमत असतं. गोष्ट अडते ती या प्रश्नापाशी, आणि सार्वजनिक बागेतलं नाटक खरंच सार्वजनिक आहे की नाही हेही या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरतं.

न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नावर एकदा कोर्टात लढाई झाली आहे. ती नीट सांगायला हवी, कारण तिच्यातले दोन्ही पक्ष आजही आपल्या आजूबाजूला वावरत असतात.

एका बाजूला होता नाट्यनिर्माता जोसेफ पॅप. तो १९२१ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला, गरीब ज्यू स्थलांतरितांच्या घरात. घरात यिडिश बोलत. पुस्तकं विकत घेण्याची ऐपत नव्हती. जे वाचलं ते सार्वजनिक वाचनालयातलं. शेक्सपिअरशी ओळख झाली ती सरकारी शाळेत. पुढे टेलिव्हिजन कंपनीत स्टेज मॅनेजरची नोकरी करता करता त्याने १९५४ मध्ये एका चर्चमध्ये शेक्सपिअरची कार्यशाळा सुरू केली. १९५६ च्या उन्हाळ्यात ईस्ट रिव्हरच्या काठावरच्या पडीक खुल्या रंगमंचावर ‘ज्युलियस सीझर’ केलं. प्रवेश मोफत. तो भाग कामगारवस्तीचा होता आणि समोर बसलेल्या कित्येकांनी आयुष्यात नाटक पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याने एका ट्रेलर-ट्रकवर घडीचा रंगमंच बसवला आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ घेऊन तो शहराच्या पाचही विभागांतल्या बागांमधून फिरला. तो ट्रक सेंट्रल पार्कात तळ्याजवळ बंद पडला आणि नाटक तिथेच मुक्कामाला राहिलं, असं सांगतात.

दुसऱ्या बाजूला होते रॉबर्ट मोझेस. शहराच्या उद्यानांचे आयुक्त, न्यूयॉर्कचे पूल, महामार्ग, समुद्रकिनारे आणि शेकडो क्रीडांगणं उभी करणारे, कधीही निवडून न आलेले आणि तरीही तीन-चार दशकं शहरावर हुकमत गाजवणारे गृहस्थ. सुरुवातीला त्यांनी पॅपला परवानगी दिली होती. १९५९ मध्ये मात्र त्यांनी अट घातली: प्रेक्षकांकडून एक-दोन डॉलर तिकीट घ्या आणि उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा उद्यान खात्याला द्या. कारण? लोक बसतात तिथलं गवत मरतं, जमीन झिजते. त्याची भरपाई हवी.

पॅपने साफ नाही म्हटलं. वर्षभरापूर्वीच अमेरिकी काँग्रेसच्या समितीने त्याला साम्यवादी संबंधांबद्दल चौकशीला बोलावलं होतं. मित्रांची नावं सांगायला त्याने नकार दिला, त्यापायी नोकरी गेली आणि लवादात भांडून ती परत मिळवावी लागली. मोझेस यांच्याकडून पॅपच्या या भूतकाळाबद्दलच्या एका निनावी पत्राच्या प्रती वाटल्या गेल्या. म्हणजे गवत हे एकमेव कारण नव्हतंच. खालच्या कोर्टात पॅप हरला. जून १९५९ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला आणि तिकीट लावण्याची सक्ती मनमानी आणि अवाजवी ठरवली. त्याच ऑगस्टमध्ये सेंट्रल पार्कात पुन्हा ‘ज्युलियस सीझर’ झालं, मोफत. गंमत म्हणजे त्यानंतर त्याच मोझेस यांनी पॅपसाठी पक्कं थिएटर बांधायला शहराकडे पैसे मागितले. शहराचा निधी आणि जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकाची दीड लाख डॉलरची देणगी यांतून ते उभं राहिलं आणि जून १९६२ मध्ये ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ने उघडलं. मी आणि आई बसलो होतो ते हेच डेलाकोर्ट थिएटर. साधारण १८०० जागा.

आता त्या एका डॉलरबद्दल. एका डॉलरने काय बिघडलं असतं? १९५९ मध्येही एक डॉलर म्हणजे फार मोठी रक्कम नव्हती. पॅप खटल्यावर आणि वकिलांवर आपली शक्ती का घालवत बसला?

आपल्याकडे हा युक्तिवाद फार आवडीने केला जातो: फुकट मिळालं की कदर राहत नाही, नाममात्र का होईना, तिकीट ठेवा, म्हणजे खरा रसिकच येईल. मी हे नाट्यवेड्या, सज्जन, नाटकासाठी खिशातले पैसे घालणाऱ्या लोकांकडून ऐकलं आहे. म्हणून ते सहज झटकून टाकता येत नाही. पण ते मला चूक वाटतं, आणि त्याचं कारण त्याच वाक्यात आहे. ‘खरा रसिकच येईल’ म्हणजे जो आजवर कधी आला नाही तो येणार नाही. ज्याला नाटकाची चव ठाऊक आहे त्याला दहा-वीस रुपये काहीच नाहीत. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी दाराशी बसलेला माणूस, त्याच्या हातातलं तिकिटाचं पुस्तक आणि ‘हे आपल्यासाठी आहे का’ ही शंका हाच उंबरठा असतो. रक्कम किती आहे याला महत्त्व नाही. दार आहे, याला आहे. बागेत फिरायला आलेलं कुटुंब दिवे दिसले म्हणून थांबतं, मुलं कडेला बसतात, पंधरा मिनिटांत कंटाळून उठतात किंवा उठत नाहीत. तिकिटाच्या एका कागदाने हे सगळं बंद होतं.

यावर लंडनचा दाखला देतात. तिथल्या ग्लोब थिएटरमध्ये १९९७ पासून कितीतरी वर्षं समोरच्या अंगणात उभं राहून पाहायचं तिकीट फक्त पाच पौंड होतं आणि अंगण भरत होतं. खुद्द शेक्सपिअरच्या काळातही उभ्या प्रेक्षकाला एक पेनी मोजावी लागे. दाखला खरा आहे. पण ग्लोब ही भिंतीआडची वास्तू आहे. नाटकासाठी बांधलेली, नाटकावर जगणारी. तिथे स्वस्त तिकीट हे मोठं औदार्य आहे. बाग आधीच लोकांची आहे. तिच्या देखभालीचे पैसे लोकांनी करातून भरलेले आहेत. जी जागा माझीच आहे तिच्यात शिरायला माझ्याकडून एक रुपया घेणं म्हणजे सवलत देणं होत नाही, ती जागा तेवढ्या वेळापुरती माझ्याकडून काढून घेणं होतं. मोझेस यांना लोक गवतावर आलेल्या पाहुण्यांसारखे वाटत होते. पॅपला ते मालक वाटत होते. तो सतत म्हणायचा की थिएटर सार्वजनिक वाचनालयासारखं असलं पाहिजे. ज्याने स्वतः वाचनालयात शेक्सपिअर मिळवला, त्याच्या तोंडी ही उपमा नुसती शोभेची नव्हती. वाचनालयात पुस्तकं फुकट मिळतात म्हणून लोक ती फाडत नाहीत. फुकट मिळतात म्हणून त्यांची कदर कमी होते, असंही कुणी म्हणत नाही.

तरी आईचा प्रश्न बाकी आहेच. पैसे कोणीतरी दिलेच असणार.

सेंट्रल पार्कच्या बाबतीत याचं उत्तर दिसतं तितकं सुंदर नाही, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. पहिली किंमत वेळेची. मी साडेसहापासून बारापर्यंत, साडेपाच तास उभी राहिले, कारण मला त्या दिवशी रजा घेता आली. दिवसाच्या मजुरीवर काम करणाऱ्याला, दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईला हे तिकीट मोफत नाही. ते अर्ध्या दिवसाच्या पगाराला पडतं. आणि जिथे वेळेला किंमत आली तिथे तिचा बाजारही आला. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहणारे लोक तयार झाले. २०१० मध्ये सिनेनट अल पचिनो ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकची भूमिका करत होता तेव्हा या उभं राहण्याचा दर सव्वाशे डॉलरपर्यंत गेला, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलना त्या जाहिराती थांबवण्यासाठी मध्ये पडावं लागलं. हे नाटक करणाऱ्या पब्लिक थिएटर या पॅपच्या संस्थेला देणगी देणाऱ्यांना राखीव जागा मिळते, ती वेगळीच. म्हणजे मोफत थिएटरमध्येही रांग न लावता आत शिरण्याचा एक रस्ता पैशाने मिळतो. आता सोडतीनेही तिकिटं देतात, हे चांगलं आहे. सोडतीत निदान बसल्याजागी नाव घालता येतं.

दुसरी किंमत प्रायोजकांची. २०१७ मध्ये डेलाकोर्टमध्ये ‘ज्युलियस सीझर’ झालं. सीझरची रंगभूषा आणि वेशभूषा तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची आठवण करून देणारी होती. टीकेचा गदारोळ उठला, डेल्टा एअरलाइन्स व बँक ऑफ अमेरिका यांनी आपलं प्रायोजकत्व काढून घेतलं आणि पुढे एका प्रयोगात निदर्शकांनी रंगमंचावर घुसून आरडाओरडा केला. त्या दिग्दर्शकाची कल्पना मला थोडी सोपी वाटते. सीझरला एका चेहऱ्यात कोंडलं की त्याला मारावं की नाही हा नाटकातला ब्रूटसचा पेच लहान होतो. पण तो मुद्दा प्रेक्षकाने आणि समीक्षकाने मांडायचा आहे, विमान कंपनीने नाही. बागेतलं नाटक कंपनीच्या मर्जीवर उभं असेल तर कंपनीची मर्जी फिरल्यावर ते डळमळणारच. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षी संस्था आपण होऊन जपून नाटक निवडेल. कुणी मना केलं नाही, हेही खरं राहील.

पॅपने स्वतः एक वेगळी वाट काढली होती. १९७५ मध्ये त्याच्या पब्लिक थिएटरमध्ये जन्मलेलं ‘अ कोरस लाइन’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गेलं आणि पंधरा वर्षं, ६१३७ प्रयोग चाललं. त्याच्या उत्पन्नाने मोफत नाटकाला कित्येक वर्षं आधार दिला. पण दर दशकात एक ‘कोरस लाइन’ सापडेल या भरवशावर सार्वजनिक गोष्ट चालवता येत नाही. पॅपलाही ते कळत होतं. तो आयुष्यभर महापौरांशी आणि अर्थसंकल्पाशी भांडत राहिला आणि १९९१ मध्ये गेला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: बागेतलं नाटक शहराने करावं. शहराच्या अर्थसंकल्पातल्या ठरलेल्या रकमेतून, रस्त्यावरच्या दिव्यांसारखं. देणगीदाराने यावं, पण त्याच्या देणगीने त्याला खुर्ची मिळू नये. नाटक कोणतं करायचं हे ज्याने पैसे दिले त्याने ठरवू नये. ते नाटकवाल्यांनी ठरवावं. यातून धोका राहतोच, कारण नगरपालिकाही खट्टू होते, नगरसेवकही फोन करतात. पण नगरसेवकाला मी मतदान करते. विमान कंपनीला मी काय विचारणार?

डेलाकोर्ट २०२३ च्या उन्हाळ्यानंतर दुरुस्तीसाठी बंद झालं आणि साधारण साडेआठ कोटी डॉलर खर्चून ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ट्वेल्फ्थ नाइट’ने पुन्हा उघडलं. सगळ्यांना, व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांनाही, आत जाता यावं अशी सोय त्यात झाली आणि ती फार आधी व्हायला हवी होती. तरीही मला वाटतं, पॅपच्या कल्पनेतला सगळ्यात मोलाचा भाग ते थिएटर नव्हतं. तो ट्रक होता. थिएटर पक्कं झालं की लोकांनी त्याच्याकडे जायचं. ट्रक असला की नाटक लोकांकडे जातं. ब्रॉन्क्सच्या एखाद्या वस्तीतला माणूस रांगेसाठी पहाटे मॅनहॅटनला येणार नाही, पण खिडकीतून दिवे दिसले तर खाली उतरेल. पब्लिक थिएटरने ही गोष्ट पूर्ण सोडली नाही. त्यांचं फिरतं पथक तुरुंगांत, बेघरांच्या निवाऱ्यांत, वाचनालयांत शेक्सपिअर घेऊन जातं: मोजके नट, जवळपास शून्य नेपथ्य, प्रेक्षक चारही बाजूंनी. २०१३ पासून शहरातल्या सामान्य माणसांना घेऊन डेलाकोर्टमध्ये नाटक करण्याचा उपक्रमही सुरू झाला. पहिल्या ‘टेम्पेस्ट’मध्ये दोनशेच्या आसपास न्यूयॉर्ककर रंगमंचावर होते. पण वर्तमानपत्रांत फोटो येतात ते सिनेतारकांचे. पैसाही त्यांच्याच मागे जातो. हा तोल उलटा व्हायला हवा.

आई परत जाताना विमानतळावर पुन्हा त्या नाटकाबद्दल बोलली. तिला त्यात परकं काहीच वाटलं नव्हतं. मला आश्चर्य वाटलं नाही, कारण उघड्यावरचं फुकट नाटक तिने जन्मभर पाहिलं आहे. सिंधुदुर्गात कार्तिकापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रांत दशावतार होतो. रात्री देवाची पालखी फिरून झाली की देवळासमोर नाटक उभं राहतं. गणपती, संकासूर, मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. आम्ही पोरं गोणपाट अंथरून पुढे बसायचो आणि राक्षस येईपर्यंत झोपून जायचो. तिकीट नावाची गोष्ट नव्हती. मंडळीला देवस्थान आणि गाव मिळून बिदागी देतं; आरतीचं तबक फिरतं तेव्हा ज्याला वाटेल तो त्यात टाकतो, नाही टाकलं तरी कुणी वळून पाहत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच गावात होतं: पैसे गाव देतं. मी ते चित्र फार गोड करून सांगत नाही. मानकऱ्यांचं बसणं पुढे असायचं, आणि देवळाच्या आवारात कुणी कुठवर यायचं याचे जुने, वाईट नियमही होते. पण नाटक पाहायला पैसे पडतात ही कल्पना मला पहिल्यांदा मुंबईला आल्यावर कळली.

शहरांत आपल्याकडे मोफत नाटक अजिबात नाही असंही नाही. ते आहे, आणि त्याचं रूप मला अस्वस्थ करतं. निवडणूक जवळ आली की मैदानावर मांडव पडतो. ‘विनामूल्य प्रवेश’. रंगमंचाच्या मागे नाटकाच्या नावापेक्षा मोठे फोटो. पहिल्या चार रांगांत पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे, ‘निमंत्रितांसाठी राखीव’. साहेब पोहोचेपर्यंत पडदा उघडत नाही आणि ऐन रंगात आलेल्या प्रवेशाला नट थांबतात, कारण सत्कार उरकायचा असतो. खाली एक शब्द हमखास लिहिलेला असतो: सौजन्य. या एका शब्दात सगळं येतं. पैसे बहुतेक वेळा कोणाचे असतात हेही आपल्याला माहीत असतं, पण आभार मात्र आपण मानायचे असतात. वर्गणी काढून गल्लीत नाटक करणारी जुनी गणेश मंडळं याहून कितीतरी सरळ होती. पाच रुपये देणारा आणि पाचशे देणारा एकाच सतरंजीवर बसायचा.

म्हणून महाराष्ट्रातल्या महापालिकांनी बागेत नाटक करावं असं मी म्हणते तेव्हा मला हे सौजन्य नको आहे. रांग नको, सोफा नको, फलकावर फोटो नको.

आणि उन्हाळाही नको. न्यूयॉर्कला उन्हाळा म्हणजे वर्षातला सुखाचा काळ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बागेत तीन तास बसणं ही शिक्षा आहे आणि जूनपासून पाऊस. आपले उघड्यावरचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो. साडेसहाला नाटक सुरू झालं तर साडेनऊला संपतं आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला असलेल्या बंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. उशिरापर्यंतची खास परवानगी नको.

अभिजात नाटकच का, असं कुणी विचारेल. दर्जाबद्दल मी काही सांगणार नाही, तो तर आहेच. माझं कारण अगदी व्यवहारातलं आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची कृती सगळ्यांची होते. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘एकच प्याला’, ‘मानापमान’ ही नाटकं आज कुणाच्याही मालकीची नाहीत. लेखकाचं मानधन नाही, वारसांचं परवानगीपत्र नाही. बाग जशी सगळ्यांची तशी ही नाटकंही. ही दोन्ही मालमत्ता आपल्या नावावर पडून आहे आणि आपण त्यांची एकमेकींशी गाठ घालून देत नाही. ‘शारदा’ १८९९ चं. म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट. ती वातानुकूलित नाट्यगृहात, पदांना ‘वन्स मोअर’ देणाऱ्या प्रेक्षकांसमोर पाहणं वेगळं, आणि ज्या वस्तीत आजही सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न गुपचूप उरकलं जातं त्या वस्तीच्या बागेत पाहणं वेगळं. ‘एकच प्याला’बद्दल तर बोलायलाच नको. सिंधूचे हाल पाहून तिथे बायका रडतील आणि ते रडणं शंभर वर्षांपूर्वीच्या कुणासाठी नसेल.

व्यावसायिक निर्मात्यांची हरकत मला ठाऊक आहे. आधीच प्रेक्षक कमी, नाट्यगृहाचं भाडं, बस, टेम्पो, जाहिरात, आणि त्यात तुम्ही फुकट दाखवणार. हरकत पोटाची आहे, म्हणून ती गांभीर्याने घ्यायला हवी. पण डेलाकोर्टपासून ब्रॉडवे तीनेक किलोमीटरवर आहे आणि साठ वर्षांहून अधिक काळ दोन्ही नांदत आहेत. मोफत नाटकाने ब्रॉडवेला पाहणारे दिले, नट दिले आणि एक ‘कोरस लाइन’ही दिलं. माझ्या दृष्टीने खरी अट वेगळीच आहे: पाहणाऱ्याला मोफत याचा अर्थ करणाऱ्यानेही फुकट करायचं असा होता कामा नये. नट, वादक, प्रकाशयोजनाकार, पडदा ओढणारा मुलगा, सगळ्यांना बाजारभावाने पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत. ‘सेवा’ म्हणून, ‘संधी’ म्हणून कुणाला राबवून घेतलेलं मोफत नाटक मला नको. त्यात नाटकाची किंमत सगळ्यात गरीब माणसाच्या खिशातून जाते.

आणि ट्रक हवा. मोठ्या शहरात एकच देखणं खुलं थिएटर बांधून फीत कापण्याचा मोह होणार, तो टाळावा. एक टेम्पो, घडीचा रंगमंच, चार स्पीकर, दोनशे सतरंज्या. आज एका बागेत, चार दिवसांनी दुसऱ्या टोकाच्या बागेत. जिथे नाट्यगृह नाही तिथे आधी.

गवताचं काय, हा मोझेस यांचा प्रश्न उरतोच. गवत खरंच मरतं. शंभर माणसं तीन तास बसली की पिवळं पडतं. माळी त्यावर पाणी मारतात, पंधरा दिवस दोरी बांधून ठेवतात, ते पुन्हा उगवतं. बागेच्या खर्चाचाच हा एक भाग आहे, आणि तो खर्च आपण केव्हाच भरलेला आहे. आपल्या बागांत अडचण निराळी आहे. संध्याकाळ झाली की वॉचमन शिट्टी वाजवत फिरतो आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांना, घसरगुंडीवरच्या पोरांना बाहेर काढून फाटकाला कुलूप लावतो. सुरुवात तिथून करता येईल. जानेवारीतले चार शनिवार, चार बागा. त्या रात्री त्याने शिट्टी दहा वाजता वाजवावी.